कालिकतचा मुक्काम

समुद्रकांठच्या एखाद्या जुन्या शहरीं जावयाचें ठरलें कीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो हा : तेथें किती दिवस राहावयाचें? रजा किती उरली आहे, खिशांत पैसे किती आहेत आणि परतीचीं तिकिटें केव्हांचीं मिळतात, एवढें पाहून आपण त्याचें उत्तर देतों. हा हिशेब आपला आपणच करावयाचा, हें आपण गृहीत धरलेलें असतें. परंतु ज्या बंदरांच्या नांवांनीं इतिहासाचीं पानें भरलीं आहेत, त्या बंदरांत उतरणाऱ्या पाहुण्यास हा हिशेब शेंकडों वर्षें स्वतःच्या मर्जीनें करतां येत नसे. त्याच्यासाठीं तो दुसराच कोणी करीत असे. तो दुसरा म्हणजे वारा. मलबार किनाऱ्यावरील कालिकत शहराच्या उदाहरणानें ही गोष्ट आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

कालिकत हें परदेशीयांच्या तोंडीं बसलेलें नांव. शहराचें स्वतःचें नांव कोझिकोड, आणि आज सरकारदरबारींही तेंच चालतें. तेथील हिंदु राजास सामूतिरी ही पदवी होती. पोर्तुगीजांनीं तिचा उच्चार बिघडवून त्यास झामोरिन केलें. नवल असें कीं, ज्या बंदराची ख्याति एके काळीं चीनपासून इजिप्तपर्यंत होती, त्यास निसर्गानें बंदर असें दिलेंच नव्हतें. मुंबईसारखी जमिनीच्या कुशींत शिरलेली खाडी तेथें नाहीं. उघडा किनारा, समोर उघडा समुद्र. मोठीं जहाजें दूर नांगरून ठेवावयाचीं आणि माल लहान होड्यांतून कांठास आणावयाचा, अशी रीत होती. मग सारें जग तेथेंच कां येत होतें? मिरीचा आणि आल्याचा प्रदेश पाठीशीं होता, हें एक कारण. दुसरें कारण मी पुढें सांगणार आहें, आणि माझ्या मतें तें पहिल्याहून मोठें आहे.

प्रथम वाऱ्याचें गणित पाहूं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा वाहतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा. शिडाच्या जहाजास पहिला वारा हिंदुस्थानाकडे लोटतो, दुसरा अरबस्थान व आफ्रिका यांच्याकडे. पैकीं पहिला वारा ऐन भरांत आला कीं तो इतका दांडगा होतो कीं मलबारचीं बंदरें जवळजवळ बंद पडत. म्हणून पश्चिमेकडील गलबतांनीं पावसाळा तोंडावर येण्यापूर्वीं तरी पोंचावें, नाहींतर तो ओसरूं लागल्यावर यावें, आणि परतीसाठीं ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहावी, असा नियम पडला. अरबी भाषेंत ह्या नेमलेल्या काळास मौसिम म्हणतात. आपला मोसम तोच, आणि इंग्रजांचा मान्सूनही तोच.

कोकणांतील मनुष्यास ह्यांतलें पुष्कळ समजावून सांगावयास नको. पावसाळ्यांत होड्या ओढून शाकारून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ देऊन त्या पुन्हां पाण्यांत लोटावयाच्या, हें आपल्या किनाऱ्यावर मुलासही ठाऊक असतें. पण येथें एक बारकावा आहे. समुद्र निवळणें निराळें आणि वारा फिरणें निराळें. नारळी पौर्णिमेनंतर किनाऱ्याकिनाऱ्यानें जातां येईल. परंतु आफ्रिकेकडे नेणारा वारा त्या वेळीं सुरू झालेला नसतो. त्यासाठीं आणखी दोन-अडीच महिने कळ काढावी लागते. हे दोन-अडीच महिने श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावे. पुढें त्यांनीं अनेक माणसांचे प्राण घेतले आहेत.

कालिकतास अशी कळ काढणाऱ्यांमध्यें सर्वांत बोलका पाहुणा म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. दिल्लीच्या महंमद तुघलकानें त्यास चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडलें होतें. सुमारें १३४२ सालीं तो कालिकतास आला तेव्हां चीनचीं तेरा जहाजें तेथें नांगरलेलीं त्यानें पाहिलीं. चीनकडे जाण्याचा मोसम येईपर्यंत त्यास तीन महिने सामूतिरीचा पाहुणा होऊन राहावें लागलें. अखेर दिवस ठरला, नजराण्याचा माल जहाजावर चढला. परंतु शुक्रवारची नमाज किनाऱ्यावर व्हावी म्हणून इब्न बतूता मागें राहिला, आणि त्याच सुमारास वादळ उठलें. ज्या मोठ्या जहाजावर नजराणा व सोबतचे वकील होते तें किनाऱ्यावर आपटून फुटलें. त्याचें स्वतःचें सामान व माणसें असलेलें दुसरें गलबत शिडें उभारून त्याच्यावांचूनच निघून गेलें. तो सांगतो कीं त्याच्याजवळ दहा दिनार आणि एक सतरंजी एवढेंच उरलें. तीन महिने त्यानें वाऱ्याची वाट पाहिली होती; वाऱ्यानें मात्र त्याची एक रात्रही वाट पाहिली नाहीं.

ह्या तीन महिन्यांत त्यानें शहर मात्र डोळे भरून पाहिलें. राजा हिंदु, पण व्यापाऱ्यांचा शहाबंदर बहरीनचा मुसलमान. मिस्काल नांवाचा एक जहाजमालक इतका धनाढ्य कीं हिंदुस्थान, चीन, येमेन व इराण यांच्याशीं चालणाऱ्या व्यापारासाठीं त्याचीं स्वतःचीं जहाजें होतीं. त्या मिस्कालनें बांधलेली लांकडी, मजल्यांवर मजले चढविलेली मशीद कोझिकोडच्या कुट्टिचिरा भागांत तळ्याच्या कांठीं आजही उभी आहे.

इब्न बतूतानंतर सुमारें पासष्ट वर्षांनीं चिनी नौसेनापति चेंग हो ह्याचे प्रचंड तांडे कालिकतास येऊं लागले. पहिल्या सफरीच्या वेळीं, १४०७ सालीं, त्यांनीं तेथें एक शिलालेखही उभारला. पुढील सफरींत बरोबर आलेला दुभाषा मा हुआन ह्यानें तेथील सौद्याची जी पद्धति लिहून ठेवली आहे ती प्रत्येक व्यापाऱ्यानें वाचावी अशी आहे. चिनी जहाजांचा माल उतरला म्हणजे दिवस ठरवून राजाचे अधिकारी, चेट्टी, हिशेबनीस आणि दलाल एकत्र बसत. रेशमाच्या एकेका नगाचा भाव बोलून ठरे. सर्व भाव ठरले कीं सगळे जण एकमेकांचे हात हातांत घेत. हात मिळाले कीं सौदा झाला. पुढें भाव चढो कीं उतरो, कोणी मागें फिरावयाचें नाहीं. ह्या सगळ्या प्रकारास लवकरांत लवकर एक महिना आणि उशीर झाल्यास दोन-तीन महिने लागत, असें मा हुआन सांगतो. हिशेबनीस हाताच्या व पायाच्या बोटांवर हिशेब करीत, आणि त्यांत रतिभर चूक होत नसे, ह्याचें त्या चिनी गृहस्थास मोठें कौतुक वाटलें.

आतां, जो मनुष्य आज येऊन उद्यां जाणार आहे त्याच्याशीं असा सौदा होऊं शकेल काय? हातांत हात घेऊन ठरविलेला भाव तोच पाळतो, ज्यास तीन महिने त्याच बाजारांतून हिंडावयाचें आहे आणि दोन वर्षांनीं पुन्हां तेथेंच यावयाचें आहे. वाऱ्यानें माणसांस थांबविलें, थांबल्यामुळें तीं एकमेकांस ओळखूं लागलीं, आणि ओळखीमुळें कायदा व पत निर्माण झाली.

आणखी एक साक्षीदार काढतों, कारण त्यास कालिकत मुळींच आवडलें नव्हतें. आणि न आवडणाऱ्याची स्तुति अधिक मोलाची असते. हेरातच्या शाहरुख बादशहाचा वकील अब्दुर्रझाक हा १४४२ च्या नोव्हेंबरांत कालिकतास उतरला. होर्मुझहून निघण्यास उशीर झाल्यानें त्यास ओमानच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत आजारी होऊन अडकून पडावें लागलें होतें. कालिकतास सामूतिरीनें त्याची फारशी पत्रास ठेवली नाहीं, हवा त्यास मानवली नाहीं, आणि १४४३ च्या एप्रिलपर्यंतचा मुक्काम त्यानें कुरकुरत काढला. असा हा रुसलेला पाहुणाही लिहितो कीं, ह्या शहरांत व्यापारी आपला माल बाजारांत टाकून निर्धास्त जातात; जकातीचे अधिकारी स्वतः त्याची राखण करतात; माल विकला गेला तर चाळिसावा हिस्सा घेतात, न विकला तर कांहीं मागत नाहींत. इतर बंदरांत, वाट चुकून दुसरीकडे लागलेलें जहाज लुटण्याची चाल होती. कालिकतास, जहाज कोठूनही येवो व कोठेंही जावयाचें असो, त्यास इतरांसारखेंच वागवीत. उघड्या किनाऱ्यावरील ह्या गांवीं जग कां येत होतें, ह्याचें दुसरें कारण म्हणजे हाच भरंवसा.

इतिहास शिकवितांना मीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे कीं मुलांस एक सन पक्का पाठ असतो : १४९८, वास्को द गामा कालिकतास आला. तो तेथें किती दिवस राहिला आणि केव्हां निघाला, हें क्रमिक पुस्तकांत नसतें, म्हणून कोणी विचारीतही नाहीं. वास्तविक खरी कथा त्या दुसऱ्या तारखेंत आहे.

गामानें २४ एप्रिल १४९८ रोजीं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मालिंदी सोडलें. तेथील राजानें दिलेला वाटाड्या बरोबर होता आणि नैर्ऋत्येचा वारा पाठीशीं येत होता. १८ मे रोजीं मलबारचे डोंगर दिसले. २० मे रोजीं कालिकतजवळ नांगर पडले. सारा समुद्र तीन-साडेतीन आठवड्यांत ओलांडला. पण हा मोसमाचा अगदीं शेवट होता. सामूतिरीनें आपला माणूस पाठवून, येथें तुमचीं जहाजें सुरक्षित नाहींत, उत्तरेस पंतलायनीस न्यावीं, असा सल्ला दिला. हा उपकारच होता. गामाच्या मनांत मात्र पहिल्या दिवसापासून संशयानें घर केलें.

मग तो प्रसिद्ध नजराण्याचा प्रसंग घडला. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, चार तांबड्या टोप्या, सहा हॅट, पोंवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याचीं सहा भांडीं, थोडी साखर, तेल आणि मध! राजाचे अधिकारी हें पाहून हंसले. मक्केहून येणारा गरिबांतला गरीब व्यापारीही ह्याहून अधिक आणतो, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. पोर्तुगीजांचा माल वखारींत पडून राहिला. भाव मिळेना. अरब व्यापाऱ्यांस हे नवे प्रतिस्पर्धी नको होते, हेंही खरें. निघण्याची वेळ आली तेव्हां जकातीची मागणी झाली. गामास ती जाचक वाटली. माल व माणसें किनाऱ्यावर अडकलीं, तेव्हां त्यानें जहाजावर आलेल्या गांवच्या माणसांस ओलीस धरलें, आणि त्यांपैकीं कांहींस बरोबर घेऊनच २९ ऑगस्ट १४९८ रोजीं शिडें उभारलीं. मुक्काम झाला तीन महिने आणि नऊ दिवस.

२९ ऑगस्ट ही तारीख ऐकून किनाऱ्यावरील कोणत्याही नाखव्यानें कपाळास हात लावला असता. समुद्र निवळत होता, पण वारा फिरला नव्हता. गामाच्या बाजूनें सांगावयाचें तर त्याच्यापाशींही कारणें होतीं. राजाशीं बिनसलें होतें. मक्केकडील मोठीं जहाजें येण्याची वेळ जवळ आली होती, आणि त्यांच्या गर्दींत सांपडण्याची त्यास भीति वाटत होती. पण हीं कारणें वाऱ्यास कोण सांगणार? किनाऱ्यानें वर येत तो कारवारसमोरील अंजदीव बेटावर थांबला. हें चिमुकलें बेट आज गोवा राज्यांत मोडतें. तेथें जहाजांची डागडुजी करून ५ ऑक्टोबर रोजीं त्यानें भर समुद्रांत उडी घेतली.

जो समुद्र येतांना तीन-साडेतीन आठवड्यांत ओलांडला होता, त्यास जातांना तीन महिन्यांस तीन दिवस कमी लागले. कधीं वारा पडे, कधीं तो तोंडावर येई. ताजें अन्न संपलें. खलाशांच्या हिरड्या सुजून दांतांवर आल्या, पाय सुजले, सूज अंगभर पसरली. हा रक्तपिती नांवाचा रोग. ताज्या फळांच्या व भाजीच्या अभावीं होतो. त्या एका प्रवासांत तीस माणसें मेलीं. तितकींच पूर्वीं मेलीं होतीं. प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगीं सात-आठ माणसें उरलीं. २ जानेवारी १४९९ रोजीं मोगादिशूचा किनारा दिसला; ७ तारखेस मालिंदीस पोंचल्यावर त्यांनीं प्रथम संत्रीं मागविलीं. पण कित्येकांस तीं मिळूनही उशीर झाला होता. तीन जहाजें चालविण्यास माणसें पुरेनात, म्हणून त्यांपैकीं एक, सां राफाएल, त्यांनीं स्वतःच्या हातांनीं जाळून टाकलें.

हिशेब मांडून पाहा. नोव्हेंबरअखेर निघणारें एखादें अरबी गलबत ईशान्येचा वारा पाठीशीं घेऊन थोडक्या आठवड्यांत पलीकडे पोंचलें असतें. म्हणजे तीन महिने उशिरां निघूनही गामाच्या जवळपासच पोंचलें असतें, आणि तीस जीव वांचले असते. ज्यानें थांबण्याचे दिवस वांचविले, त्याचा एकही दिवस वांचला नाहीं.

तथापि घाईचें सर्वांत मोठें मोल पोर्तुगीजांनीं नव्हे, कालिकतनें दिलें. गामाच्या मागून काब्राल १३ सप्टेंबर १५०० रोजीं तेथें आला. ह्या वेळीं वखार मिळाली, करार झाला. परंतु तीन महिन्यांत त्याचीं दोनच जहाजें भरलीं. मिरीचा बाजार त्याच्या जुन्या चालीनें चालला होता. प्रत्येकाची पाळी, प्रत्येकाचा दलाल, प्रत्येकाचा भाव. काब्रालास हा विलंब म्हणजे अरबांचा कट वाटला. डिसेंबरांत त्यानें माल भरलेलें एक अरबी जहाज पकडलें. शहरांत दंगा उसळला, वखारीवर हल्ला झाला आणि पन्नासांहून अधिक पोर्तुगीज मारले गेले. काब्रालनें बंदरांतील दहा-एक जहाजें पकडून जाळलीं, त्यांवरील खलाशी मारले, आणि ज्या शहरास तटबंदीची गरज कधीं वाटली नव्हती त्यावर तोफा डागल्या. मग तो कोचीनास गेला. १५०२ सालीं गामानें परत येऊन पुन्हां तोफा चालविल्या. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं शहरांत शिरून जाळपोळ केली. मिस्कालची मशीदही त्या आगींतून सुटली नाहीं. त्या लढाईंत त्यांचा सरदार कुतिन्यु मारला गेला आणि शहर कांहीं त्यांच्या हातीं लागलें नाहीं. पण जो भरंवसा शतकांच्या थांबण्यानें जमला होता, तो दहा-बारा वर्षांत उधळला गेला.

ह्यांत एक उपरोध आहे. वाऱ्यापुढें पोर्तुगीजांसही शेवटीं मान तुकवावी लागली. लिस्बनहून मार्च-एप्रिलच्या सुमारास निघावें आणि हिंदुस्थानांतून डिसेंबर-जानेवारींत परत फिरावें, हें वेळापत्रक त्यांनीं पुढें निमूटपणें पाळलें. म्हणजे थांबावयास ते शिकले. पण इतरांच्या रांगेंत, इतरांच्या बरोबरीनें थांबावयास शिकले नाहींत. बाजारांत बसलेल्या शेंकडों व्यापाऱ्यांपैकीं एक होणें त्यांस मानवलें नाहीं. समुद्रावर परवाना देणारे मालक व्हावेंसें वाटलें. कालिकतच्या कथेंतला खरा कलह धर्माचा किंवा मिरीचा जितका होता, तितकाच तो घाईचा व धीराचा होता, असें मला वाटतें.

पुढें आगबोटी आल्या आणि वाऱ्याचें राज्य संपलें. १९९८ पासून तर कोकण रेल्वेनें मुंबईचा माणूस सरळ कोझिकोडास उतरतो. मात्र त्या जुन्या राजाचा एक कायदा आजही शिल्लक आहे. केरळांत दर वर्षीं जून-जुलैमध्यें यांत्रिक मासेमारी नौका बंदरांत बांधून ठेवाव्या लागतात. माशांच्या विणीसाठीं केलेला हा सरकारी नियम आहे, पण तो पडतो जुन्या बंद समुद्राच्याच दिवसांत.

मग आज कालिकतास किती दिवस राहावें? दोन प्रहरांत काप्पाडच्या किनाऱ्यावरील गामाचा स्तंभ पाहून परतणारे पुष्कळ असतात. त्यांस त्या शहराचें एक सन दिसतें, शहर दिसत नाहीं. माझें म्हणणें असें कीं निदान चार दिवस तरी काढावे. एक दिवस कुट्टिचिरासाठीं. तळ्याकांठची ती मशीद आणि भोंवतालचीं प्रशस्त घरें पाहावीं. परदेशी व्यापारी मोसमाची वाट पाहत राहिले, येथल्या घरांशीं त्यांचीं लग्नें झालीं, आणि त्यांतून वाढलेल्या मोपला कुटुंबांत वारसा आजही कित्येक ठिकाणीं आईच्या घराण्याकडून मोजतात. वाट पाहण्यांतून माणसांचा एक समाजच जन्मास आला. दुसरा दिवस सामूतिरीच्या तळी मंदिरासाठीं, जेथें पंडितांची सभा भरून विद्वानांचा सत्कार होत असे. तिसरा वलियंगाडीच्या घाऊक बाजारासाठीं आणि गुजराथी व्यापाऱ्यांचें नांव अजून मिरविणाऱ्या रस्त्यासाठीं. चालियार नदीच्या मुखाशीं बेपूर आहे. तेथें लांकडी उरू जहाजें बांधणारे सुतार अद्याप आहेत, तेंही त्याच दिवशीं उरकेल. २०२३ सालीं युनेस्कोनें कोझिकोडास साहित्यनगरी म्हणून मान दिला. तेव्हां एखाद्या ग्रंथालयांतही डोकावावें.

आणि चौथा दिवस? तो मोकळा ठेवावा. त्या दिवशीं कांहीं पाहावयाचें नाहीं. किनाऱ्यावर बसावें, दुकानदाराशीं दोन शब्द बोलावे, उद्यां पुन्हां भेटूं म्हणावें, आणि खरोखर भेटावें. इब्न बतूता आणि मा हुआन ह्यांनीं आपणांस जें शहर दाखविलें, तें त्यांच्या अशा रिकाम्या दिवसांनींच त्यांस दाखविलें होतें. वाऱ्यानें त्यांस ते दिवस सक्तीनें दिले. आपणांस सक्ति करणारा आतां कोणी उरला नाहीं. म्हणून ते आपण आपल्या हिशेबांत स्वतः होऊन धरले पाहिजेत.